उंबराचं फूल कुणालाच दिसत नाही, मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उंबर पिकतो कसा?

खूप दिवस गायब असलेला मित्र अचानक कट्ट्यावर उगवला की त्याला ठरलेला टोमणा बसतो, "काय राव, उंबराचं फूल झालास!" कारण साधं आहे. उंबराला फळं लगडलेली सगळ्यांनी पाहिलेली असतात, फूल मात्र कुणीच पाहिलेलं नसतं. त्यावर एक दंतकथाही आहे. हे फूल म्हणे मध्यरात्री फुलतं, क्षणभर दिसतं आणि ज्याला दिसतं त्याचं नशीब फळफळतं.

उंबरावर मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे, तो आता थोडा मागे पडलाय. 'उंबर फोडून केंबरं काढणं'. म्हणजे झाकलेलं प्रकरण उगाच उकरायचं आणि नसती पीडा मागे लावून घ्यायची. केंबरं म्हणजे पिकलेला उंबर फोडला की भुर्रकन उडणारे बारीक किडे.

एका वाक्प्रचारात न दिसणारं फूल आहे, दुसऱ्यात फळातले किडे. गंमत अशी की हे दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी ठेवले की उंबराचं अख्खं वनस्पतिशास्त्र तयार होतं. कारण फूल त्या फळाच्या आतच असतं आणि तिथपर्यंत पोचणारा जगातला एकमेव पाहुणा म्हणजे ते केंबरू.

आता हा फक्त 'माहितीये का?' छापाचा किस्सा असता तर इथेच संपला असता. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात भर उन्हाळ्यात किती प्राण्यांना खायला मिळेल, हे बऱ्याच अंशी याच किड्यावर अवलंबून असतं. कसं, ते क्रमाने बघू.

उंबर कोणत्या घराण्यातला?

उंबर हा तुतीच्या कुळातला. या कुळात तुती आहे, फणस आहे, कोकणातला नीरफणस आहे आणि वड, पिंपळ, अंजीरही आहेत. वरवर बघितलं तर या मंडळींत काहीच साम्य दिसत नाही. पण पान खुडलं की पांढरा चीक येतो, ही पहिली खूण. आणि यांची फुलं इतकी बारीक असतात की ती एकेकटी येत नाहीत, गर्दी करूनच येतात, ही दुसरी.

फणसाचंच बघा. आपण ज्याला एक फणस म्हणतो तो शेकडो फुलांचा मिळून झालेला असतो. प्रत्येक गरा म्हणजे एका फुलाची कमाई. तुतीच्या फळावरचे बारीक दाणेही तसेच, एकेका फुलातून तयार झालेले. उंबर, वड, पिंपळ यांनी हीच युक्ती एक पाऊल पुढे नेली आणि फुलांची ती गर्दी आतल्या बाजूला वळवून घेतली.

वड, पिंपळ, पायर, उंबर, अंजीर हे सगळे 'फायकस' या एकाच प्रजातीसमूहातले. जगभरात या गटात साडेसातशेहून जास्त जाती आहेत. पूजेच्या पंचपल्लवात आंबा, वड, पिंपळ, उंबर आणि पायर अशी पाच झाडांची पानं सांगितली जातात. त्यातला आंबा सोडला तर उरलेली चारही झाडं याच गटातली आहेत. उंबराचं शास्त्रीय नाव फायकस रेसिमोसा. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली ते दिलं. आपल्याकडे त्याआधी कित्येक शतकं तो उदुंबर किंवा औदुंबर होताच, आणि दत्ताचं झाड म्हणून त्याच्याभोवती पारही बांधले जात होते. सिरोंच्याच्या बाजूला तेलुगू बोलणारी माणसं त्यालाच 'मेडी' म्हणतात.

जंगलात उंबर ओळखायचा कसा?

सगळ्यात सोपी खूण म्हणजे फळं कुठे लागलीत ते बघायचं. वड-पिंपळाची फळं पानांच्या बगलेत, बारीक फांद्यांवर असतात. उंबराची फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने येतात. कधीकधी तर अगदी जमिनीपासून हातभर उंचीवरही. कच्ची असताना हिरवी, पिकली की नारिंगी-लाल.

दुसरी खूण पारंब्यांची. वडासारख्या लोंबत्या पारंब्यांचं जाळं उंबराला नसतं. तिसरी खूण पानांवर. उंबराच्या बऱ्याच पानांवर फोडासारख्या गाठी दिसतात. झाडाला रोग झालाय असं वाटतं, पण ते एका वेगळ्याच बारीक किड्याचं घर असतं. तो पानाचा रस पितो आणि त्याच्याभोवती पान फुगतं. या गाठींचा फळातल्या केंबरांशी काहीही संबंध नाही.

याच भागात ओढ्यांच्या काठी उंबराचा एक भाऊही दिसतो, काळा उंबर. त्याची पानं हाताला खरखरीत लागतात आणि समोरासमोर जोडीने येतात. उंबराची पानं एकाआड एक असतात. एवढं लक्षात ठेवलं तरी दोघांत गल्लत होत नाही.

उंबर आणि पाणी हे नातंही जुनं आहे. नदी, नाले, बोडी, ओलसर दरी अशा ठिकाणी तो हमखास सापडतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी कसं शोधायचं यावर एक आख्खं प्रकरण आहे आणि त्यात ज्या झाडांच्या खुणा सांगितल्यात त्यात उंबर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत तर नद्यांची कमी नाही. ताडोब्यातून अंधारी वाहते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन चपराळ्याजवळ प्राणहिता होते आणि पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. या नद्या आणि त्यांना मिळणारे शेकडो नाले म्हणजे उंबराचे पत्ते.

मग फूल आहे तरी कुठे?

आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो, ते सुरुवातीला फळ नसतंच. तो एक बंद फुलोरा असतो. सूर्यफूल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मधल्या चकतीवर शेकडो बारीक फुलं असतात. आता ती चकती रबराची आहे असं समजा आणि तिच्या कडा वर उचलून एकत्र आणून पिशवीसारख्या बंद करा. फुलं सगळी आत गेली, बाहेर राहिली नुसती पाठ. उंबर म्हणजे हीच पिशवी. मराठीत वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत याला कुंभासनी फुलोरा म्हणतात. कुंभ म्हणजे घडा, आणि घड्याच्या आतल्या भिंतीवर बसलेली फुलं.

या घड्याला टोकाशी एक बारीकसं तोंड असतं. तेही उघडं नसतं. एकावर एक बसलेल्या खवल्यांनी ते घट्ट झाकलेलं असतं. मधमाशी आत जाऊ शकत नाही, फुलपाखरू जाऊ शकत नाही, वारा तर नाहीच नाही.

आत दोन प्रकारची फुलं असतात. मादी फुलं, ज्यांच्यात बी तयार होतं. आणि नर फुलं, ज्यांच्यात पराग तयार होतो. पण दोन्ही एकाच वेळी तयार होत नाहीत. आधी मादी फुलं वयात येतात आणि नर फुलं त्यानंतर कित्येक आठवड्यांनी. म्हणजे एका उंबराच्या आतला पराग त्याच उंबराच्या मादी फुलांच्या कामाचा नाही. तो दुसरीकडून आणावा लागतो आणि आपला पराग दुसरीकडे पाठवावा लागतो. बंद घड्यातून बंद घड्यात. हे कुरिअरचं काम केंबरू करतं.

केंबरू आत शिरतं, पण परत येत नाही

हे केंबरू म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक कीटक. भारतात उंबराचं परागीभवन करणाऱ्या जातीचं नाव आहे सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. आकाराने दोनेक मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान.

आतली मादी फुलं तयार झाली की कोवळा उंबर एक विशिष्ट गंध सोडतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण केंबराच्या मादीला लांबून कळतो. ती येते, ते बारीक तोंड शोधते आणि खवल्यांच्या फटीतून अंग रेटत आत घुसते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तुटून बाहेरच राहतात, बऱ्याचदा मिशांचे तुकडेही पडतात. म्हणजे आत शिरली की परतीचा रस्ता बंद.

आत गेल्यावर ती दोन कामं करते. तिच्या छातीवर दोन चिमुकले कप्पे असतात. त्यात ती आपल्या जन्माच्या उंबरातून पराग भरून आणते. तो पराग ती पायांनी काढून मादी फुलांवर लावते. चुकून सांडला असं नाही, ठरवून लावते. आणि काही फुलांच्या अंडाशयात ती आपली अंडी घालते. मग तिथेच मरते.

ज्या फुलांत अंडं पडलं तिथे बी होत नाही, तिथे पिल्लू वाढतं. ज्या फुलांना फक्त पराग मिळाला तिथे बी तयार होतं. मादी फुलांचे देठ आणि नळ्या कमी-जास्त लांबीच्या असतात, त्यामुळे सगळ्याच फुलांत अंडी पडत नाहीत. काही फुलं किड्यासाठी, काही बियांसाठी. हे उंबराने केंबराला दिलेलं घरभाडं समजा, फक्त इथे भाडं घरमालक देतो.

काही आठवड्यांनी आतली पिल्लं मोठी होतात. आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ते अजून कोशात असलेल्या माद्या शोधतात, तिथेच मीलन होतं, आणि मग हे नर मिळून उंबराच्या भिंतीला आतून बोगदा पाडतात. बोगदा झाला की त्यांचं आयुष्य संपतं. जन्म, मीलन, खोदकाम आणि मृत्यू, बहुतेक सगळं त्या अंधाऱ्या घड्यातच.

नेमक्या याच वेळी आतली नर फुलं तयार झालेली असतात. नव्या माद्या त्यांच्यातला पराग छातीवरच्या कप्प्यांत भरतात, बोगद्यातून बाहेर येतात आणि उडून जातात. त्यानंतर उंबर लाल होतो, मऊ होतो, गोड होतो. पिकलेला उंबर फोडल्यावर जी केंबरं उडतात, ती मागे राहिलेली मंडळी.

म्हणजे उंबर पिकलाय याचा अर्थच असा, की केंबरू येऊन गेलंय. केंबरू आलंच नाही तर ते कोवळे उंबर बहुतेक वेळा तसेच गळून पडतात.

सगळेच पाहुणे सरळमार्गी नसतात

एवढी खाण्यापिण्याची सोय असल्यावर फुकटे येणारच. उंबराच्या घड्यात आणखीही काही जातींचे चिमुकले कीटक वाढतात. ते आत शिरत नाहीत आणि परागही आणत नाहीत. बाहेर बसून सुईसारख्या लांब नळीने उंबराची भिंत भेदतात आणि आत अंडी घालतात. काही जातींची पिल्लं तर थेट केंबराच्या पिल्लांच्या जिवावर वाढतात.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उंबर आणि त्याच्या किड्यांवर बरीच वर्षं संशोधन सुरू आहे. तिथल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की अशाच एका परजीवी कीटकाच्या नळीच्या टोकाशी जस्त असतं. कच्च्या उंबराची टणक भिंत पोखरण्यासाठी केसाहून बारीक, धातूने मजबूत केलेला ड्रिल. झाडावर फिरणाऱ्या मुंग्या मात्र बाहेर बसलेल्या या फुकट्यांना पकडून खातात. झाडाचं त्यात भलंच होतं.

आणि खुद्द केंबरानेच कामचुकारपणा केला तर? पनामातल्या अशाच झाडांवर जांडेर आणि हेरे या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी माद्यांना परागाशिवाय आत सोडलं. कित्येक जातींमध्ये झाडाने अशी फळं पिकण्याआधीच गाळून टाकली किंवा त्यात पिल्लं कमी वाढली. परागाचं काम नाही तर पिल्लांना घर नाही, असा रोकडा हिशोब.

हा व्यवहार आजकालचा नाही. फायकस झाडं आणि त्यांच्या या किड्यांची जोडी सुमारे साडेसात कोटी वर्षं जुनी असल्याचा अंदाज आहे. तेव्हा पृथ्वीवर अजून डायनासोर होते.

मग अंजीर मांसाहारी का?

हा प्रश्न दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर फिरतोच. अंजिरात किडा मरतो, म्हणजे अंजीर मांसाहारी, अशी रील तुम्हीही पाहिली असेल.

अर्धं खरं आहे. अंजीरही याच गटातलं आणि रानटी अंजिराला असाच एक किडा लागतो. पण बाजारात मिळणाऱ्या अंजिरांच्या अनेक जाती परागीभवनाशिवायच फळ धरतात. आपल्याकडचं पुरंदरचं अंजीर, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच प्रकारातलं. त्याला किड्याची गरजच पडत नाही. रानातल्या पिकल्या उंबरात मात्र केंबरं असतातच. म्हणून खाणारा माणूस आधी तो फोडतो, झटकतो, आणि मग तोंडात टाकतो.

एका दिवसाचं आयुष्य आणि पुढचं झाड

आता खरी अडचण. बाहेर पडलेल्या केंबराच्या मादीकडे वेळ किती असतो? साधारण एक दिवस. एवढ्या वेळात तिला दुसरा उंबर शोधायचा आहे, आणि तोही असा, ज्याची फळं नेमकी मादी फुलांच्या अवस्थेत आहेत.

एका झाडावरचे बहुतेक उंबर साधारण एकाच वेळी वाढतात आणि एकाच वेळी पिकतात. त्यामुळे ज्या झाडावर ती जन्मली तिथे तिला सहसा जागा मिळत नाही. पण शेजारचं झाड मागेपुढे असतं. एकाची फळं पिकतात तेव्हा दुसऱ्याची कोवळी असतात, तिसऱ्याला अजून आलेलीच नसतात. आंब्याला ठरलेला हंगाम असतो, पण उंबराला तसा सगळ्यांचा मिळून एक हंगाम परवडणारच नाही. सगळे उंबर एकदम पिकले तर बाहेर पडलेल्या केंबरांना जायला जागाच उरणार नाही आणि एका दिवसात त्या भागातली केंबरं संपतील.

वाऱ्याची मदत मिळाली तर हा किडा बराच लांब जातो. आफ्रिकेतल्या नामिबियाच्या वाळवंटात, उंबराच्याच नात्यातल्या एका झाडाचे किडे १६० किलोमीटरपर्यंत पराग नेतात, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण लांब जाता येणं वेगळं आणि लांब गेल्यावर योग्य अवस्थेतलं झाड सापडणं वेगळं.

म्हणून झाडांची संख्या महत्त्वाची ठरते. १९९० साली काही शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या एका फायकस जातीसाठी संगणकावर गणित मांडलं. किड्याची वस्ती चार वर्षं टिकायची तर परिसरात सुमारे ९५ झाडं लागतात, असं त्यातून निघालं. हा आकडा उंबराचा नाही, त्या जातीचा आहे. पण मुद्दा उंबरालाही लागू होतो. गावाबाहेर पाराजवळ एक उंबर राखला आणि बाकीचे गेले, तर उरलेलं झाड हिरवंगार उभं राहील, त्याची पूजाही होईल. पण पिकलेल्या फळांचा भरवसा राहणार नाही.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उंबर काय करतो?

देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचं नाव दर उन्हाळ्यात असतं. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. इथलं जंगल पानगळीचं. साग, ऐन, धावडा, बिजा यांची पानं झडलेली असतात, नाल्यांत डबकी उरलेली असतात. मोहाची फुलं पडून जातात, तेंदू आणि चाराची फळं येतात आणि संपतात.

या सगळ्यांचा हंगाम ठरलेला आहे. उंबराचा नाही. आणि उन्हाळ्यात तो बऱ्यापैकी फळतो. त्यामुळे बाकीचं दुकान बंद असतानाही नाल्याकाठचा एखादा उंबर उघडा असतो.

गिऱ्हाइकांची यादी मोठी आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल प्रामुख्याने वड, पिंपळ, उंबर यांच्याच फळांवर जगतो. धनेश, तांबट, हळद्या, बुलबुल दिवसा येतात. रात्री फळं खाणारी वटवाघळं आणि उदमांजरं येतात. खोडावर खालपर्यंत फळं असल्याने अस्वलालाही सोयीचं पडतं. वानरं वर बसून खातात कमी आणि सांडतात जास्त, ते सांडलेलं चितळ, भेकर आणि रानडुकरं वेचतात. नाल्यावरचा उंबर पाण्यात फळं टाकतो, ती मासे खातात.

जगभरातली फायकस झाडांची फळं कोण कोण खातं याची मोजणी २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यात पक्षी, सस्तन प्राणी वगैरे मिळून १,२७४ जातींची नोंद झाली. जगातल्या पक्ष्यांच्या जातींपैकी दहातली एक जात यात येते. या फळांत कॅल्शियमही इतर रानफळांपेक्षा जास्त आढळलंय, अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना ते हवंच असतं.

खाणारे बदल्यात बिया पसरवतात. उंबराची बी मोहरीपेक्षाही बारीक. ती विष्ठेतून लांब जाऊन ओलसर जागी पडते आणि नवा उंबर उगवतो. परागासाठी दोन मिलिमीटरचा किडा, बियांसाठी अस्वलापासून वटवाघळापर्यंत सगळे.

सागाच्या जिल्ह्यांत उंबराची किंमत किती?

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की साग आठवतो. आलापल्लीचा साग प्रसिद्धच आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाचं लाकूड बल्लारपूरहूनच गेलं. सागाला भाव आहे, बांबूला आहे, तेंदूच्या पानाला आहे. उंबराच्या लाकडाला नाही. ते मऊ असतं, उघड्यावर लवकर खराब होतं. पाण्याखाली मात्र टिकतं, म्हणून पूर्वी विहिरींच्या कामात ते वापरायचे. आता तेही राहिलं नाही.

लाकडाचा हिशोब मांडला की उंबर तोट्यात जातो. महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना १९७४ साली झाली. त्यानंतर या पट्ट्यात मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. त्यावरून वादही झाले, गावांनी विरोधही केला. सागाच्या लागवडीत हिरवं क्षेत्र दिसतं, पण सागाच्या फळात पक्ष्या-प्राण्यांना खाण्यासारखा गर नसतो आणि उन्हाळ्यात साग स्वतःच निष्पर्ण असतो. कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणींसाठी जंगल जातं तेव्हाही भरपाई रोपांच्या संख्येत मोजली जाते. नाल्याकाठच्या जुन्या उंबराच्या बदल्यात दहा रोपं लावली, तरी ती फळायला कित्येक वर्षं जातात. त्या वर्षांत केंबरं कुठे जाणार, या प्रश्नाला रोपांच्या आकड्यात उत्तर नसतं.

पण याच भागात वेगळा हिशोब मांडणारी गावंही आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळतात, म्हणजे जंगल वापरण्याबरोबर ते राखण्याचा अधिकारही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला तो २०१२ मध्ये मिळाला. पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपानाची तोडणीच थांबवली, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हातात येणारा पैसा सोडून घेतलेला हा निर्णय होता. बांबूच्या कामातून गावाने रोजगार उभा केला आणि जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा राखून ठेवला.

कोणतं झाड ठेवायचं हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे आला की यादी बदलू शकते. लाकूड न देणारं, पण उन्हाळ्यात अस्वलाला रानातच खायला घालणारं झाड त्या यादीत बसू शकतं.

उंबराचं फूल बघायचंय?

मध्यरात्री जागायची गरज नाही. एक कच्चा, हिरवा उंबर घ्या आणि मधून उभा कापा. आतल्या भिंतीवर दाटीने बसलेले गुलाबी-पांढुरके बारीक तंतू दिसतील. ती सगळी फुलं आहेत. एका उंबरात ती शेकड्यांनी, हजारांनी असतात. मोबाईलचा कॅमेरा मॅक्रो मोडवर टाकला तर फोटोही छान येतो. टोकाशी खवल्यांनी झाकलेलं ते तोंडही बघा. केंबरू तिथूनच आत गेलेलं असतं, आणि नशीब असेल तर खवल्यांत अडकलेला एखादा तुटका पंखही सापडेल.

एकच उंबर कापा, घोस तोडू नका. उरलेल्यांची वाट बघणारे बरेच आहेत.